ऑर्किडची वही

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी आम्हा बोलणाऱ्यांना एकच अट घातली होती. नोकरी, पगार आणि मुलांचे मार्क सोडून कशावरही वीस मिनिटं बोला. ही अट ऐकून निम्म्या लोकांनी नावं मागं घेतली म्हणे. माझं नाव राहिलं ते एका फोटोमुळं. यंदा मी आपल्या ग्रुपवर एका ऑर्किडचा फोटो टाकला होता. पाच फुलं, पांढरी, मध्ये जांभळी, आणि मागं आमच्या घराची गंजकी खिडकी. पहिलाच मेसेज आला, "नेटवरचा आहे का?" दुसरा आला, "परभणीत ऑर्किड? बनी तो बनी, नहीं तो परभणी!" तिसऱ्यानं विचारलं, "कसं केलंस ते सांग, आमचं दोनदा मेलं." त्या तिसऱ्या मेसेजचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देते.

मी झाडांमधली तज्ज्ञ नाही. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं, तेव्हापासून चोवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. आपल्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथं शिकलेले चार-पाच जण आत्ता माझ्यासमोर बसलेत. त्यांच्यापुढं झाडांवर बोलायचं म्हणजे सोनाराला सोनं ओळखायला शिकवायचं. पण ऑर्किड काही आपल्या शिवारातलं पीक नाही, त्यामुळं थोडं धाडस करते.

२०२२ साली बाबा गेले. आई इथल्या घरात एकटी राहिली. आई निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषदेची, तुमच्यापैकी काही जणांना तिनं पाढे शिकवलेत. ती पुण्याला यायला तयार नव्हती. मग मीच घरून काम करायची परवानगी मिळवली आणि २०२३ च्या मे महिन्यात इकडं आले. महिन्यातले तीन आठवडे इथं, एक आठवडा पुण्यात. निघताना टीममधल्या मुलांनी भेट म्हणून ऑर्किड दिलं. चिनी मातीची चकचकीत कुंडी, वर रिबन. रात्रीच्या गाडीत ते मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या आजींनी विचारलं, "पोरी, प्लास्टिकचं आहे का गं?"

परभणीत उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन अकराचं होतं. दुपारी त्रेचाळीस अंश. तीन दिवसांत सगळ्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या, आठवड्यात फुलं गेली. मी म्हटलं, ऊन बाधलं. ते खरंही होतं. पण खरा घोळ पुढंच होता.

हे जे ऑर्किड दुकानात मिळतं त्याचं नाव फॅलेनॉप्सिस. पतंगासारखं दिसणारं, असा त्याचा अर्थ. हे आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतं. आपल्याकडं झाडावर उगवलेलं काहीही दिसलं की आपण त्याला बांडगूळ म्हणतो आणि मोकळे होतो. बांडगूळ झाडात मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड तसं काही करत नाही. ते फांदीला नुसतं धरून बसतं, पावसाचं पाणी आणि सालीत साठलेला पालापाचोळा यांवर जगतं. मराठीत त्याला आमरी असा सुंदर शब्द आहे, तो आपण वापरत नाही. सह्याद्रीतली सीतेची वेणी ही आमरीच. आणि फक्त कोकण-सह्याद्रीतच असतात असंही नाही, व्हँडा नावाची एक जात महाराष्ट्राच्या कोरड्या पानगळीच्या जंगलांतही झाडांवर दिसते. म्हणजे हे कूळ आपल्याला परकं नाही.

या मुळांची गंमत सांगते, कारण सगळं तिथंच आहे. फॅलेनॉप्सिसच्या मुळावर स्पंजासारखं एक पांढरट आवरण असतं. पाणी पडलं की ते काही क्षणांत शोषून घेतं आणि मूळ हिरवं दिसायला लागतं. वाळलं की पुन्हा रुपेरी. म्हणजे झाडानंच इंडिकेटर दिलेला आहे, हिरवं असेल तर पाणी आहे, रुपेरी असेल तर घाला. पण या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. फांदीवर पाऊस पडतो, मुळं भिजतात, तासाभरात वारा लागून सुकायला लागतात. ते सुकणं त्याला हवं असतं. सतत ओलं राहिलं की मूळ गुदमरतं आणि कुजतं.

आता आपली काळी माती आठवा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवते म्हणून तर कापूस, तूर, सोयाबीन येतं. ऑर्किडला ही माती म्हणजे पाण्यात बुडवून ठेवल्यासारखंच. तरी शेजारच्या काकू मोठ्या प्रेमानं घमेलंभर माती आणि शेणखत घेऊन आल्या होत्या. "त्या लाकडाच्या तुकड्यात झाड जगतं का कुठं, माती घाल बाई." मी तेव्हा नेटवर थोडं वाचलेलं होतं म्हणून झाड वाचलं. ती माती आम्ही जास्वंदीला घातली, जास्वंदीनं काकूंचे पांग फेडले.

जून गेला, जुलै आला. पानं मऊ पडायला लागली. आधी ताठ, चामड्यासारखी होती, ती सुरकुतली आणि लोंबायला लागली. सुरकुतलेलं पान बघितल्यावर तुम्ही काय कराल? पाणी घालाल. मीही घातलं. पानं आणखी सुरकुतली. मी आणखी घातलं. ही फसगत इतक्या लोकांची होते की मी आज दुसरं काही सांगितलं नाही तरी एवढं सांगेन. पाणी न मिळालेलं ऑर्किड आणि पाण्यानं कुजलेलं ऑर्किड वरून अगदी सारखं दिसतं. कारण मुळंच कुजली तर पाण्यात उभं असूनही झाडाला पाणी पिता येत नाही. पान तहानेनंच सुरकुततं, फक्त तहानेचं कारण उलटं असतं. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. स्क्रीनवर दिसणारी एरर एक असते आणि बिघाड तीन थर खाली असतो. मी रोज पोरांना हेच शिकवते आणि घरी आल्यावर पानं बघून पाणी घालत होते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी झाड कुंडीतून उपसून काढलं. चिनी मातीच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. आत प्लास्टिकची पारदर्शक कुंडी, आणि तिच्याखाली दोन बोटं पाणी साठलेलं. वास आला, साठलेल्या गटारासारखा. साल बाजूला केली तर मुळांच्या मधोमध शेवाळाचा एक घट्ट गोळा निघाला. रोपवाटिकेत लहानपणी रोप ज्या गोळ्यात वाढवतात तो तसाच राहतो, आणि वरची साल वाळली तरी आत तो चिंब असतो. अकरा मुळं मोजली. बोटानं दाबून बघायचं. टणक असेल तर जिवंत. मऊ, तपकिरी, दाबल्यावर साल सुटून आत नुसता दोरा राहत असेल तर मेलेलं. आठ मेली होती, तीन जिवंत.

कातर गॅसवर तापवून घेतली, गार केली, मेलेली मुळं कापली. कापलेल्या टोकांना स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड लावली. ती बुरशीला आवर घालते, पण फक्त कापलेल्या जागी लावायची. चांगल्या मुळांना लागली तर ती मुळं कोरडी पाडते. नवीन कुंडी बाजूलाही भोकं असलेली, आणि उरलेल्या मुळांच्या मानानं लहान घ्यायची. मोठी घेतली की ती वाळतच नाही. भरायला पाइन वृक्षाची साल लागते, ती इथं मिळाली नाही, ऑनलाइन मागवायला वेळ होता. मग नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, दोन दिवस भिजत घातले, पाणी तीनदा बदललं, कारण त्यात क्षार असतात. त्यात लाकडी कोळशाचे तुकडे मिसळले. कोळसा आमच्या घरी बाबांच्या वेळचा शेगडीतला उरलेला होता. झाड त्यात बसवलं, हलू नये म्हणून काडीला बांधलं, वरून मोठी पारदर्शक पिशवी सैल घातली. मुळं कमी असताना पानांतून पाणी उडू नये म्हणून ही पिशवी. दिवसातून एकदा ती उघडून हवा द्यायची. खत अजिबात नाही. तीन मुळांवर जगणाऱ्या झाडाला खत म्हणजे लंघन सुटल्याबरोबर पंगतीला बसवण्यासारखं.

आणि एक वही केली. मला सवयच आहे. तारीख, पाणी घातलं का, पानांची स्थिती.

दोन आठवडे झाले. वहीप्रमाणं मी पाणी घातलं होतं दोनदा. कुंडी मात्र रोज ओली. एके सकाळी रुपेरी मुळं बघून ऑफिसच्या कॉलला बसले, अकरा वाजता उठले तर हिरवी. मी पाणी घातलं नव्हतं. आमच्यात याला काय म्हणतात ते सांगत नाही, पण दोन जण एकाच ठिकाणी एकमेकांना न कळता लिहीत असले की असं होतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. आई पूजा झाल्यावर देवांच्या स्नानाचं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आली, तुळशीला घातलं आणि उरलेलं ऑर्किडला. तुमच्याही घरी हेच असणार, ते पाणी मोरीत ओतत नाहीत. मी काही बोलले नाही. तासाभरानं ती परत आली, पुन्हा तांब्याभर. दुपारी जेवण झाल्यावर परत. मी म्हटलं, "आई, काय करायलीस?" ती म्हणाली, "अगं, सकाळपासून पाणीच घातलं नाही त्याला. पानं बघ कशी झाली."

मी चिडले. आज इथं सगळ्यांसमोर सांगते, फार वाईट चिडले. महिनाभराची मेहनत, तूच मारायलीस ते झाड, असं काहीतरी बोलले. आई गप्प झाली. म्हणाली, "मी घातलंच नाही गं. खोटं कशाला बोलू?" आणि ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला खरंच आठवत नाहीये. सकाळचंही नाही, तासाभरापूर्वीचंही नाही. मग मागचं एकेक आठवायला लागलं. वरणात दोनदा मीठ, दूधवाल्याला दोनदा पैसे, गॅसची शेगडी. वयाचं आहे म्हणून मी ते सगळं बाजूला सारत आले होते. आठ मुळं का कुजली त्याचं उत्तर मला कुंडीत सापडलं नाही, अंगणात सापडलं.

त्यानंतर चार दिवस आईनं कुठल्याच झाडाला हात लावला नाही. तुळशीलासुद्धा नाही. पूजेचं पाणी ताम्हनात तसंच राहायचं. चाळीस वर्षांत असं झालं नसेल.

डॉक्टरांकडं नेलं. हा भाग थोडा सांगते, कारण आपल्या वर्गातल्या बहुतेकांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढं आहेत. विसरणं म्हटलं की आपण एकदम एकाच आजाराचं नाव घेतो आणि हातपाय गाळतो, नाहीतर "वय झालं" म्हणून सोडून देतो. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइडचं काम मंदावलं असेल, तरी माणूस विसरायला लागतो, आणि ते औषधानं बरंच सुधारू शकतं. आईचं बी-१२ कमी निघालं. जन्मभर शाकाहारी, त्यात बाबा गेल्यावर एकटीचं जेवण म्हणजे चहा आणि पोळी. इंजेक्शनं दिली. फरक पडला. सगळा नाही पडला. पुढच्या तपासण्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं निघालं. त्याच्या गोळ्या सुरू आहेत.

आता प्रश्न असा होता की आईला झाडापासून लांब ठेवायचं, की झाड उचलून माझ्या खोलीत कुलपात ठेवायचं. पुण्याहून बहिणीनं फोनवर सांगितलं, "आत ठेव ना ते, कशाला डोक्याला ताप." सोपं तेच होतं. पण मी ते केलं असतं तर आईला घरात करायला आणखी एक गोष्ट कमी झाली असती. आधीच गॅस आम्ही बंद केला होता.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. बॅटरीवर चालतो, मी केकसाठी आणला होता, केक दोनदा झाला. भिजवून निथळलेल्या कुंडीचं वजन भरलं ५०५ ग्रॅम. मुळं रुपेरी झाल्यावर, पाणी घालायला हवं तेव्हा, ३७५. कुंडीचं वजन ही फार जुनी युक्ती आहे, माळी लोक हातात उचलूनच सांगतात. आम्ही ते आकड्यात आणलं. काट्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. "३८० च्या वर असेल तर पाणी नाही." आईला सांगितलं, रोज सकाळी पूजा झाली की कुंडी काट्यावर ठेवायची, आकडा वहीत लिहायचा, आणि चिठ्ठी बघायची. आठवण ठेवायची गरज नाही. कालचं काय, तासाभरापूर्वीचं काय, काही लागत नाही. कुंडीला माहीत असतं तिला पाणी घातलंय की नाही.

पहिले काही दिवस तिला राग होता. नंतर एकदा वही उघडली तर मी आखलेले रकाने खोडून तिनं शाळेतल्या हजेरीपटासारखे नव्यानं आखले होते. तारीख, वार, तिथी, वजन, शेरा. शेऱ्यात "पाणी नको" किंवा "पाणी दिले" लाल पेननं. अक्षर तेच, फळ्यावरचं. काही दिवशी एकाच तारखेला तीन नोंदी असतात. ४६०, ४५९, ४५८. तीनदा वजन केलं, तीनदा चिठ्ठी वाचली, तीनदा पाणी घातलं नाही. काही दिवशी नोंदच नाही. पण त्या वहीवरून मला कळलं की पावसाळ्यात आमची कुंडी वाळायला नऊ-दहा दिवस घेते आणि एप्रिलात तीन-चार. आठवड्यातून एकदा पाणी घाला असं जे लेबलवर छापतात, ते कुठल्या गावासाठी छापतात देव जाणे.

ऑक्टोबरमध्ये नवीन मूळ दिसलं. टोक हिरवं, चकचकीत, तांदळाच्या दाण्याएवढं. तेव्हा पिशवी काढली.

आता पाणी कसलं घालायचं ते. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या गवताला विचारा, हंगाम संपता संपता पांढरं दगड होतं. तेच क्षार ऑर्किडच्या सालीवर बसतात आणि मुळांची टोकं जाळतात. आम्ही पावसाळ्यात पत्र्याचं पाणी दोन ड्रममध्ये धरतो, पहिला पाऊस सोडून. ते संपलं की घरातल्या फिल्टरचं. पाणी सकाळी घालायचं, आणि पानांच्या मधल्या खोलगट भागात साठू द्यायचं नाही. साठलं तर कापडाच्या टोकानं टिपायचं, नाहीतर शेंडा कुजतो, आणि या झाडाला शेंडा एकच असतो.

खतासाठी मोंढ्याजवळच्या कृषी सेवा केंद्रात गेले. १९:१९:१९ मागितलं. दुकानदारानं विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, एक कुंडी. त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि एक किलोची पिशवी दिली, त्याहून लहान नव्हती. लिटरला अर्धा ग्रॅम, तेही वाढ चालू असतानाच, आणि महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून साल धुऊन काढायची. घरी येऊन हिशोब केला. माझ्या वेगानं ती पिशवी ऐंशी वर्षं पुरेल. कुणाला हवं असेल तर डबा घेऊन या.

उन्हाचं सांगते. उजेड भरपूर हवा, ऊन नको. पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. पश्चिमेच्या खिडकीत मी एकदा, एकाच दुपारी, फरशी पुसताना ठेवलं आणि विसरले. आता विसरणारी मी होते. पानावर दोन रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग पडला, तो अजून आहे. आईनं वहीत शेरा लिहिला आहे, "निष्काळजीपणा." कुणाचा ते लिहिलं नाही.

परभणीचा उन्हाळा या झाडाला मारतो तो तापमानानं कमी आणि कोरडेपणानं जास्त. आणि त्यावर इलाज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. कूलर. एसीची हवा कोरडी असते, कूलरची ओलसर. कूलर असलेल्या खोलीत, पण त्याच्या झोताच्या समोर नाही, बाजूला. २०२४ चा मे महिना झाडानं तसा काढला. वीज गेली की आई पदराच्या टोकानं त्याला वारा घालायची. त्याचा उपयोग नव्हता, मी काही बोलले नाही.

थोडं विषयांतर करते, बाईंची परवानगी आहे असं समजून. एकेकाळी हे झाड फक्त राजेरजवाड्यांच्या आणि लक्षाधीशांच्या काचघरात असायचं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अंकुराला पुरेल एवढं अन्नच नसतं. ते रुजतं कसं हे कोणाला कळत नव्हतं. १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं की एक विशिष्ट बुरशी त्या बीला सुरुवातीचं अन्न पुरवते, तेव्हा ते रुजतं. मग १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर, बाटलीत, बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये जॉर्ज मोरेलनं शेंड्याच्या पेशींपासून एका झाडाची हजारो झाडं करण्याची वाट उघडली. आज पुण्याच्या नर्सरीत जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत ते मिळतं, ते या तिघांमुळं. आणि म्हणूनच कासला किंवा आंबोलीला गेलात आणि आमरी दिसली तर बघा, फोटो काढा आणि तिथंच राहू द्या. उपटून आणलेली जगत नाही, आणि आता आणायची गरजही नाही.

परभणीचा एक फायदा मात्र मला नंतर कळला. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा यायला थंडावा लागतो. काही आठवडे तापमान साधारण पंचविसाच्या खाली राहिलं की त्याला फुलायचा इशारा मिळतो. सतत उकाड्यात नुसती पानं येतात. म्हणून मुंबईत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं झाड चार वर्षं हिरवंगार आहे आणि फूल एक नाही. आपल्याकडं दिवाळीनंतर रात्री अंथरुणात गोधडी लागते. तेवढं त्याला पुरतं. पुढं कडाक्याची थंडी पडली, पारा दहाच्या खाली गेला की मात्र रात्री आत घ्यायचं.

नोव्हेंबर २०२४. मी पुण्यात होते. आईचा फोन आला. "अगं, त्याला काहीतरी आलंय." मी म्हटलं, मूळ असेल आई, नवीन मुळं येतातच. "मूळ नाही. मुळाचं नाक गोल असतं. याला चोच आहे, आणि वर बघायलंय." ही खूण अगदी बरोबर आहे. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत, दांड्याचं टोक चपटं, बोटमोज्यासारखं, वरच्या दिशेनं. मी ती तिला कधी सांगितली नव्हती. सव्वा वर्ष रोज काट्यावर ठेवताना तिनं ती स्वतः बघितली होती.

दांडा वाढत असताना कुंडी फिरवायची नाही, तो उजेडाकडं वळतो, दिशा बदलली की वाकडातिकडा होतो. आई पूजेआधी फिरवायची, मी परत सरळ करायचे, म्हणून आमचा दांडा इंग्रजी एस अक्षरासारखा आहे. फोटोत दिसत नाही कारण मी तसा काढलाय. पहिलं फूल फेब्रुवारीत उमललं, पाचवं मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि मेच्या सुरुवातीपर्यंत टिकली. त्या दिवशीच्या रकान्यात तिथी, वजन ४१२, आणि शेऱ्यात "फूल १. पाणी नको."

आई आज आलेली नाही, गर्दीत ती गोंधळते. कधीकधी मला मावशीच्या नावानं हाक मारते. गेल्या दोन महिन्यांत आकडे लिहिताना तिची स्थानांची अदलाबदल व्हायला लागली आहे, ४२८ च्या जागी ४८२ लिहिते. कुंडी काल ४२८ ची असेल तर आज ४८२ ची होत नाही, हे मला कळतं, म्हणून मी संध्याकाळी एकदा स्वतः वजन करून बघते आणि तिची नोंद तशीच ठेवते. काट्यावरची चिठ्ठी आता बदलावी लागेल. मी हिरवा आणि लाल दिवा लागेल असं काहीतरी जोडायच्या विचारात आहे. आपल्यातला जो इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.

आणि ज्यानं ग्रुपवर विचारलं होतं, आमचं दोनदा मेलं म्हणून, त्याला एक विचारायचं आहे. तुझ्या घरी पाणी कोण कोण घालतं?

निघताना आज वही बघून आले. सकाळी साडेसातची नोंद आहे, ३९१. पाणी नको.